भंगलेला कुंभ आणि सोन्याचा सांधा

कोरियाच्या पूर्व किनाऱ्यालगत कुमगांग नावाचा पर्वत आहे. कुमगांग म्हणजे वज्र. आपल्याच शब्दाचे बौद्ध ग्रंथांबरोबर चिनी लिपीच्या वाटेने तेथवर पोहोचलेले ते भाषांतर होय. या पर्वताच्या एका शिखरावर १९३२ साली एक दगडी पेटी सापडली. तीत धातूच्या पवित्र करंडकांबरोबर पांढऱ्या चिनी मातीचे वाडगे होते, व त्यांवर १३९१ सालचा लेख कोरलेला होता. यी सङ-ग्ये या सेनापतीने आपली पत्नी व हजारो अनुयायी यांच्यासह, मैत्रेय बुद्धाच्या आगमनाची वाट पाहत, हे दान पर्वताच्या पोटात ठेवले होते. पुढच्याच वर्षी तो राजा झाला आणि त्याने स्थापिलेले जोसन घराणे पाच शतके टिकले.

नव्या राज्याने बौद्ध मठांचा राजाश्रय काढून घेतला व कन्फ्यूशियसची शिकवण राजमान्य केली. देव बदलला, पण पात्र बदलले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. राजाच्या वापरातील भांडी पांढरी असावीत असा दंडक पंधराव्या शतकात पडला. सोलजवळच्या ग्वांगजू येथे सरकारी भट्ट्या उभ्या राहिल्या. आसपासचे सरपण संपले की त्या दुसऱ्या रानात हलवीत, आणि १७५२ नंतर कोठे त्या एका ठिकाणी स्थिरावल्या. तेथील पांढऱ्या पात्रांतून पितरांना अन्न अर्पण केले जाई. राजघराण्यात मूल जन्मले की त्याची नाळ कुंभात, तो कुंभ दुसऱ्या मोठ्या कुंभात ठेवून, शुभ टेकडी पाहून पुरीत. जन्मभूमीशी असलेले नाते सांगताना ‘माझी नाळ तेथे पुरली आहे’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसास हा विधी परका वाटू नये.

या परंपरेतील सर्वांत नावाजलेले पात्र म्हणजे ‘चंद्रकुंभ’. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकात घडलेले हे मोठे गोल रांजण एका घडणीत चाकावर उभे राहत नसत. म्हणून दोन अर्धगोल निराळे घडवून ते मध्यभागी जोडीत. भट्टीतील सुमारे १३०० अंशांच्या उष्णतेत तो सांधा किंचित खचे, पोट एका अंगाला झुके, झिलईवर डाग उमटे. तरीही ते कुंभ वापरात राहिले, आणि आज त्या वाकडेपणातच त्यांचे सौंदर्य मानले जाते.

असा एक कुंभ जपानी कादंबरीकार शिगा नाओया यांनी नारा येथील तोदाइजी मंदिराच्या मठपतींना भेट दिला होता. १९९५ साली एक चोर मठात शिरला. पकडला जातो असे पाहून त्याने तो जमिनीवर आपटला. तीनशेहून अधिक तुकडे झाले. भिक्षूंनी खापऱ्याच नव्हे, तर भुगासुद्धा झाडून गोळा केला. पुढे ओसाका येथील संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी तो असा जोडला की, तडे कोठे होते हे पाहणाऱ्यास सहजी कळू नये. निष्ठा आणि कौशल्य या दोहोंना वंदनच केले पाहिजे. तथापि जे घडले ते घडलेच नाही असे भासवणे, एवढीच एक वाट आहे काय?

दुसरी वाट यी सू-क्यंग या कोरियन शिल्पकर्तीने काढली. १९६३ साली सोल येथे जन्मलेल्या या बाईंनी शिक्षण घेतले चित्रकलेचे. २००१ साली इटलीतील आल्बिसोला येथे त्यांनी, पांढऱ्या मातीच्या पात्रांवरील किम सांग-ओक यांची कविता इटालियनमध्ये भाषांतरित करवून एका स्थानिक कुंभारीणबाईंना वाचावयास दिली. आणि कोरियन पात्रे कधी न घडविलेल्या त्या बाईंकडून, केवळ शब्दांवरून, बारा कुंभ करवून घेतले. मायदेशी परतल्यावर इचॉनच्या नामांकित कुंभारांकडे त्यांनी निराळेच दृश्य पाहिले. प्राचीन नमुन्यांबरहुकूम घडविलेल्या पात्रात अल्पसा दोष दिसला, तरी ते कुंभार ते हातोड्याने फोडून टाकीत. पूर्वजांनी वाकडे कुंभ प्रेमाने ठेवून घेतले आणि त्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांनी मात्र निर्दोषतेचा हट्ट धरावा, हे मला तरी विपरीत वाटते. बाईंनी त्या खापऱ्या उचलल्या, इपॉक्सीने एकमेकींस जोडल्या आणि प्रत्येक सांध्यावर चोवीस कॅरट सोन्याचा वर्ख चढविला. कोरियन भाषेत ‘गुम’ म्हणजे सोने, आणि तडा यासही ‘गुम’च म्हणतात!

आपल्याकडे खंडित मूर्ती पूजेत ठेवीत नाहीत. अग्निपुराणाच्या जीर्णोद्धारप्रकरणात लाकडी मूर्ती अग्नीस द्यावी, पाषाणाची जलात सोडावी असे सांगितले आहे. परंतु मूर्तीबरोबर देवस्थान संपत नाही. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने देवतेस विधिमान्य व्यक्ती मानले, आणि २०१९ च्या अयोध्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूर्ती नष्ट झाली तरी तिच्यामागील धर्महेतू नष्ट होत नाही. विसर्जनानंतर नवी मूर्ती घडते ती त्या हेतूसाठी. यीबाईंच्या खापऱ्यांना असा वारसा नाही. त्या पूजेत कधी आल्याच नव्हत्या. जन्मतःच त्याज्य ठरल्या होत्या. म्हणून त्यांच्या कृतीस जीर्णोद्धार म्हणणे मला पटत नाही.

त्यांची सर्वांत भव्य कृती २०१७ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात उभी होती. उंची जवळजवळ पाच मीटर, आणि नावात नऊ ड्रॅगन. हा ड्रॅगनही आपल्याला सर्वस्वी अनोळखी नव्हे. बौद्ध ग्रंथांतील ‘नाग’ शब्दासाठी चिनी भाषांतरकारांनी त्याचेच नाव योजले. ६८१ साली निधन पावलेल्या सिल्ला राज्याच्या मुनमू राजाने, मृत्यूनंतर समुद्रात ड्रॅगन होऊन राज्याचे रक्षण करण्याची इच्छा धरली होती, अशी कथा आहे. जोसन दरबारात विधींसाठी ठेवीत त्या कुंभांवर निळ्या रंगात हाच प्राणी चितारलेला असे. व्हेनिसच्या शिल्पात मात्र कुंभाचा घाट उरलेलाच नाही. पोटाला पोट, गळ्याला बूड असे फुगे एकमेकांतून वर चढत गेले आहेत. आधी आराखडा काढून बाई काम करीत नाहीत. एका खापरीच्या कडेस जी दुसरी खापरी बसेल ती बसवीत त्या पुढे जातात.