पिकअपचं मागचं चाक का उडतं? कमानीचा थोडा इतिहास

"गाडी उडते हे कळलं. कधी उडते ते सांग."

मिरजेतल्या एका कमान-पाट्याच्या दुकानात चाचांनी माझ्या चुलत भावाला हे विचारलं, तेव्हा तो वैतागला होता. द्राक्षाचा हंगाम चालू. त्याची जुनी पिकअप मळ्यातून डांबरी रस्त्यावर चढताना पहिल्या गिअरला मागून धडधडधड अशी उडायची, की क्रेटमधले घड सुटून मणी तळाला जमायचे. एका गॅरेजने दोन वेळा मागचे शॉकअप बदलले. पैसे गेले, धडधड राहिली. शेवटी एके दिवशी शाफ्टचा क्रॉस तुटला आणि शाफ्ट रस्त्यावर लोंबला. सपाट रस्ता होता म्हणून निभावलं.

चाचांचा प्रश्न मला तेव्हा साधा वाटला. पुढे मोटारींच्या इतिहासावर वाचत गेलो तेव्हा कळलं, की त्या एका प्रश्नात दीडेकशे वर्षांचा इतिहास आहे.

कमान हा शब्द फारसी, अर्थ धनुष्य. पाट्यावर पाटा रचून केलेली पोलादी कमान घोडागाडीसाठी जन्मली. लंडनच्या ओबादाया इलियटने 1804 साली दोन धनुष्यं समोरासमोर जोडून बग्गीखाली बसवली आणि युरोपातल्या रस्त्यांवरचा प्रवास सुसह्य झाला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बग्गी ओढत होता घोडा, तोही पुढून. मागच्या आसाने फक्त वजन पेलायचं आणि आपल्या जागी राहायचं. त्या आसाला कुणी पिळत नव्हतं.

मोटार आली आणि घोडा गेला. आता ओढ थेट मागच्या आसातून निघू लागली. इंजिन चाकांना पुढे फिरवतं, तेव्हा आसाचं हौजिंग उलट्या दिशेला फिरू पाहतं, त्याचं नाक वर उचललं जातं. त्याला कुणीतरी धरून ठेवायला हवं. हेन्री फोर्डने 1908 च्या मॉडेल टीमध्ये शाफ्ट एका जाड नळीत घातला आणि ती नळी हौजिंगला पक्की जोडली. नळी लांब, म्हणून हौजिंगला पिळ बसायला वावच नाही. 1925 साली फोर्डने कारखान्यातूनच पिकअप बॉडी लावलेली मॉडेल टी विकायला काढली, तिलाही हीच नळी होती. तिच्यात इतर खोड्या पुष्कळ होत्या, पण पाट्यांना पिळ पडून चाक उडणं ही त्यातली नव्हती.

दुसरा मार्ग फ्रान्समधल्या हॉचकिस कंपनीच्या नावाने ओळखला जातो. ही मूळची तोफा-बंदुका करणारी कंपनी. संस्थापक बेंजामिन हॉचकिस अमेरिकन, तो 1885 सालीच वारला. कंपनीने मोटारी 1903 पासून केल्या. या पद्धतीत नळी नाही, शाफ्ट उघडा. वजन पेलणं, गाडी पुढे ढकलणं आणि हौजिंगचा पिळ अडवणं ही तिन्ही कामं पाट्यांनीच करायची. स्वस्त, हलकं, दुरुस्तीला सोपं. मालकाने एका गड्याला तीन माणसांचं काम दिलं, असाच हा प्रकार. गडी तरुण असतो तोवर चालतं.

फोर्डच्या मोटारींनी नळी सोडली 1949 च्या मॉडेलला. शेव्हरोलेच्या पिकअपला उघडा शाफ्ट आला 1955 साली, आणि त्याच वर्षी तिला नवं व्ही-8 इंजिनही मिळालं. पिळ अडवणारी नळी गेली, पिळ देणारं इंजिन वाढलं. माझ्या मते जुन्या अमेरिकन पिकअपच्या उडण्याची खरी तारीख हीच आहे, मग दोष कुणी शॉकअपला देवो की टायरला.

नेमकं होतं काय? क्लच सोडला की पाट्याचा पुढचा अर्धा भाग वर, मागचा खाली जातो आणि सरळ कमान नागमोडी होते. ताण वाढत जातो, टायरची पकड सुटते, पाटा झटक्याने सरळ होतो, टायर पुन्हा पकडतो, पुन्हा पिळ. सेकंदाला दहाएक वेळा. ड्रायव्हरला वाटतं, मागे कुणीतरी घण घालतंय.

इंजिनियरांना हे कळत नव्हतं असं नाही. क्रायस्लरने आस पाट्याच्या मध्यापेक्षा पुढे ठेवून पुढचा भाग आखूड आणि ताठ केला. शेव्हरोलेने 1960 पासून पिकअपला पाटे काढून कॉइल स्प्रिंग आणि दोन लांब दांडे दिले. ते दांडे इतके कामाचे निघाले, की नॅसकार शर्यतींच्या गाड्यांनी ते कित्येक दशकं वापरले. 1973 साली मात्र तीच पिकअप पाट्यांवर परत आली, आणि तिचा एक शॉकअप आसाच्या पुढे, दुसरा मागे बसवला. हौजिंग पिळलं की एक दाबला जातो, दुसरा ताणला जातो. पण शॉकअप हालचाल थंडावतो, पाट्याचं ढिलेपण भरून काढत नाही.

आपल्याकडे हा उघडा शाफ्ट आणि पाट्यांचा घाट जीपबरोबर रुजला. 1945 साली स्थापन झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद या पोलाद व्यापाऱ्यांनी 1947 पासून मुंबईत विलिज जीप जोडायला घेतली. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, 1948 साली पाटीवरचं दुसरं 'एम' बदललं. पाटे आणि शाफ्ट तेच राहिले, आणि पुढे त्याच घाटाच्या पिकअप गावोगाव पोचल्या.

तर चाचांच्या प्रश्नाला भावाने उत्तर दिलं : सुटताना उडते, चढाला जास्त, वेगात नाही. चाचा म्हणाले, "मग शॉकअप नंतर बघू." ब्रेक मारताना उडाली असती तरी संशय पाट्यांवरच, फक्त पिळ उलटा. ठरावीक वेगाला सपाट रस्त्यावर उडाली असती, तर आधी टायर-रिम आणि मग शॉकअप पाहिले असते.

त्यांनी चाकांना दगड लावले, पाटा आणि हौजिंगच्या बैठकीवर खडूची एक आडवी रेघ ओढली आणि भावाला गाडी चढावर सोडायला लावली. परत आल्यावर रेघेचे दोन तुकडे झाले होते. मग पुढच्या पिनेपासून आसापर्यंत दोरीने मोजलं, डावीकडे बोटभर जास्त. आस सरकला होता. जास्त माल भरता यावा म्हणून कुणीतरी पाटे आणि हौजिंगमध्ये लोखंडी ठोकळा घालून मागची बाजू उचलली होती. ठोकळ्याने पिळाची तरफ लांबली, यू-बोल्ट ताणून ढिले पडले, सेंटर बोल्ट वाकला. पुढचा बुशही गेलेला. नाक वर-खाली होऊन शाफ्टचा क्रॉस रोज मार खात होता.

मी विचारलं, "चाचा, दोन गॅरेजवाल्यांना... म्हणजे एकालाच दोनदा, हे दिसलं कसं नाही?"

"बेटा, शॉकअप विकत मिळतो. पाटा ठोकावा लागतो."

ठोकळा निघाला. पाटे भट्टीत तापवून पुन्हा कमान दिली, पाणी पाजलं, सेंटर बोल्ट, बुश आणि चारही यू-बोल्ट नवे. यू-बोल्ट त्यांनी गाडी चाकांवर उभी करून, वजन पाट्यांवर आल्यावरच आवळले. पाचशे किलोमीटर झाल्यावर परत यायला बजावलं.

भाऊ गेला. बोल्ट अर्धा आटा आणखी फिरले. त्या हंगामात तो माल आधीपेक्षा सहा-सात क्रेट कमी भरायचा, आणि त्याबद्दल घरी बोलणी खायचा.