कमांडो खंजीर : युद्धातील पाते आणि शांतताकाळातील त्याच्या नकला

लिलावात एक खंजीर मांडला आहे. निमुळते दुधारी पाते, गोल मूठ, काळपट रंग, जुने चामडी म्यान. विकणारा सांगतो, दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश कमांडोचा आहे. अनुभवी संग्राहक तो हातात घेतो, पात्याकडे फारसे पाहत नाही. भिंग थेट मूठ आणि पाते यांच्यामधल्या आडपट्टीवर धरतो. तेथे बारीक अक्षरांत ‘इंग्लंड’ हा शब्द ठोकलेला दिसतो आणि तो खंजीर शांतपणे खाली ठेवतो.

देशाचे नाव तर खरेच आहे, खंजीरही इंग्लंडमध्येच घडला आहे. मग त्या एका शब्दाने त्याची किंमत का उतरावी? त्यासाठी आधी या शस्त्राच्या जन्माकडे जायला हवे, आणि तो जन्म इंग्लंडपासून फार दूर, चीनमध्ये झाला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शांघाय हे जगातील अत्यंत धोकादायक शहरांपैकी एक होते. अफूचा व्यापार, टोळ्या, अपहरणे, दंगली. तेथील आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या पोलिस दलात विल्यम इवार्ट फेअरबेर्न १९०७ साली दाखल झाला. त्याआधी तो ब्रिटिश मरीन दलात होता. जपानी जुजुत्सू आणि चिनी युद्धकला शिकून, रस्त्यावरच्या प्रत्यक्ष झटापटींचा अनुभव त्यांत मिसळून त्याने आपल्या शिपायांसाठी झुंजीची एक रांगडी, नियमरहित पद्धत तयार केली. त्याचा साथीदार एरिक अँथनी साइक्स शस्त्रविक्रीच्या व्यवसायातला, पोलिसांच्या राखीव दलात काम करणारा आणि अचूक नेमबाज. जवळच्या झुंजीसाठी खंजीर कसा असावा, याचे प्रयोग शांघायमध्येच सुरू झाले. त्या काळी शहरात तैनात असलेल्या अमेरिकन मरीन अधिकाऱ्यांनीही त्यांत रस घेतला. हा धागा पुढे पुन्हा हाती येईल.

जून १९४०. डंकर्कहून ब्रिटिश सैन्य जेमतेम परतले होते. शत्रूच्या किनाऱ्यावर रात्री उतरून घाव घालणारी छोटी पथके हवीत, हा चर्चिलचा आग्रह होता आणि त्यातून ‘कमांडो’ उभे राहिले. फेअरबेर्न आणि साइक्स त्याच वर्षी मायदेशी परतले व स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात या जवानांना शिकवू लागले. नोव्हेंबर १९४० मध्ये दोघे लंडनच्या ‘विल्किन्सन स्वोर्ड’ या नामांकित तलवार-कारखानदारांकडे गेले. त्या भेटीची एक हकिकत विल्किन्सन-लॅथम घराण्यात सांगितली जाते. आपल्याला नेमके काय हवे आहे हे शब्दांत पटवता येईना, तेव्हा या दोन प्रौढ गृहस्थांनी टेबलावरची पट्टी उचलली आणि कार्यालयातच एकमेकांशी झटापट करून दाखवली. दोघेही तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते, हे लक्षात घेतले की त्या प्रसंगाची गंमत अधिक कळते.

त्यातून घडला तो ‘फेअरबेर्न-साइक्स’ खंजीर. पाते साधारण साडेसहा ते सात इंचांचे, टोकाकडे निमुळते होत जाणारे. मूठ भरीव पितळेची, त्यामुळे वजन पुढे न झुकता तळहातात राहते. म्यानाच्या दोन्ही कडांना चामड्याचे छोटे पंख, म्हणजे ते गणवेशावर कोठेही शिवून टाकता यावे. पहिल्या नमुन्याची आडपट्टी इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळलेली आणि पात्याच्या मुळाशी एक सपाट चौकोनी भाग. त्या भागावर एका बाजूस कारखान्याचे नाव, दुसऱ्या बाजूस खंजिराचे.

युद्धाची मागणी वाढली तसे हे सौष्ठव परवडेनासे झाले. दुसऱ्या नमुन्यात आडपट्टी सरळ झाली आणि मुळाचा सपाट भाग गेला. १९४३ च्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या नमुन्यात पितळही गेले. स्वस्त मिश्रधातू साच्यात ओतून, गोल वळ्यांची मूठ काढली जाऊ लागली. त्या मुठीवर साच्याचा क्रमांक उठलेला दिसतो. तीन खंजीर शेजारी ठेवले तर तीन वर्षांत ब्रिटनची धातूटंचाई कशी वाढत गेली, हे कागदपत्र न उघडताही वाचता येते. जाणकारांना पहिला नमुना प्रिय असतो आणि ते स्वाभाविक आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने तिसऱ्या, ओबडधोबड नमुन्याचे मोल मुळीच कमी नाही.

या खंजिराभोवती जे वलय आहे, त्याच्याशी त्याचे रोजचे आयुष्य फारसे जुळत नाही. सैनिकाला दिवसातून दहा वेळा चाकू लागतो तो डबा फोडायला, दोरी कापायला, खोके उचकटायला. एवढ्या बारीक टोकाच्या पात्याला ती कामे झेपणारी नव्हती. टोके मोडत, आणि मोडलेली टोके पुन्हा घासून नीट केली जात. आज अनेक अस्सल खंजिरांचे पाते मूळ लांबीपेक्षा थोडे आखूड भरते ते यामुळेच. आणखी एक दोष असा, की गोल मुठीमुळे अंधारात धार कोणत्या दिशेला आहे हे हाताला कळत नाही. फेअरबेर्नने १९४२ च्या आपल्या पुस्तकात खंजिराच्या परिणामांविषयी जो तक्ता दिला, त्यातील आकडेही पुढे वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे ठरले. दंतकथेचा आरंभ कधी कधी खुद्द निर्मात्याकडूनच होतो.

१९४२ मध्ये फेअरबेर्न अटलांटिकपलीकडे गेला आणि शांघायचा धागा अमेरिकेत पुन्हा जुळला. तेथील मरीन रेडर्ससाठी याच वंशाचा खंजीर निघाला. त्याची मूठ जस्ताच्या मिश्रधातूची होती. हा धातू काळाबरोबर आतून तडकतो, म्हणून धड मुठीचा नग आज विरळा. अमेरिकन-कॅनडियन ‘फर्स्ट स्पेशल सर्व्हिस फोर्स’च्या खंजिरावर अंगठा टेकवण्यासाठी पात्याच्या मुळाशी मुद्दाम खाच ठेवली गेली. गोल मुठीच्या दोषावरचा तो उपाय. सर्वांत मजेशीर कथा मात्र गुप्तहेर संघटना ओएसएसच्या खंजिराची. तो बनवणारी कनेक्टिकटची कंपनी घरगुती भांडी व स्वयंपाकाची साधने करणारी होती, आणि म्यानाचा धातूचा भाग इतका ओळखीचा दिसे की संग्राहकांत तो आजही पॅनकेकचे उलथणे या नावाने ओळखला जातो.

आता त्या ‘इंग्लंड’ शब्दाकडे. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव असणे बंधनकारक केले. आपल्याच सैन्याला खंजीर देताना त्यावर देशाचे नाव ठोकण्याचे ब्रिटनला काहीच कारण नव्हते. ते नाव उमटले युद्ध संपल्यावर, शेफील्डचे कारखाने हाच खंजीर हौशी ग्राहकांसाठी बाहेर पाठवू लागले तेव्हा. म्हणजे तो शब्द हा शांततेचा शिक्का आहे. हे माहीत असलेला लबाड विक्रेता कानस घेऊन आधी तो शब्दच घासून टाकतो. म्हणून भिंग आडपट्टीवर जाते. कधी शब्द शोधायला, कधी तो पुसल्याची खूण शोधायला.

वस्तू आणि तिला चिकटलेली कथा यांतील अंतर महाराष्ट्राला नवे नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्यात आली. ती ग्रँट डफच्या घराण्याकडून आली, ही नोंद आहे. अफजलखानाच्या वधात वापरली गेली ती हीच, याची खात्री देता येत नाही, हे संग्रहालयानेच सांगितले होते. शस्त्राची नोंद एक सांगते आणि मनाला हवे असते दुसरे. संग्राहकाचे सारे कसब या दोहोंमध्ये उभे राहण्यात असते.

मग नकलांचे काय? या खंजिराच्या आकाराचे पत्रे फोडण्याचे चाकू निघाले, बोटभर लांबीच्या प्रतिकृती निघाल्या, सोनेरी मुलामा देऊन लाकडी फळीवर बसवलेली स्मृतिचिन्हे निघाली, सरावासाठी रबरी रूपेही आली. कट्टर संग्राहक यांना हात लावत नाहीत. हा तुच्छभाव अनाठायी आहे. पुसलेल्या शिक्क्याचा खंजीर खोटे बोलतो. टेबलावरचा पत्रे फोडणारा चाकू मात्र आपण नक्कल असल्याचे लपवत नाही, आणि युद्धातून परतलेल्या पिढीला हे शस्त्र कोणत्या रूपात घरात ठेवणे सोसवले, याचा तो अस्सल पुरावा आहे. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याला सहकारी फळीवरचा बोथट, सोनेरी खंजीर भेट देतात तेव्हा त्याला धार असावी अशी कोणाचीच अपेक्षा नसते.

साइक्स १९४५ मध्ये वारला, फेअरबेर्न १९६० मध्ये. त्यांचा खंजीर तोवर पोलादातून निघून कापडावर आणि बिल्ल्यांवर गेला होता. ब्रिटनच्या ३ कमांडो ब्रिगेडच्या जवानांच्या बाहीवर लाल रंगात तो उभा दिसे. भारतीय सैन्याच्या पॅरा स्पेशल फोर्सेसच्या चिन्हातही पंखांमध्ये खाली टोक केलेला कमांडो खंजीर आहे आणि त्यावर देवनागरीत एकच शब्द : ‘बलिदान’. जून २०१९ मध्ये विश्वचषकाच्या सामन्यात महेंद्रसिंह धोनीच्या यष्टिरक्षणाच्या हातमोज्यांवर ते चिन्ह झळकले आणि आयसीसीने ते काढायला सांगितले. तेव्हा देशभर वाद झाला तो चिन्ह मैदानात असावे की नसावे याचा.