दुष्काळात सोंगाड्या कुठे जातो?

दुष्काळाचा इतिहास आपण मापाने लिहितो. पाऊस किती, टँकर किती, चारा किती. आमच्या माणदेशात ही मोजणी फार जुनी आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात म्हसवडजवळच्या राजेवाडी तलावाचे काम निघाले. त्याच काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी चिल्लर इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नव्हे. हे कागदोपत्री सापडते. पण आईच्या मागे कामावर गेलेली पोरे दिवसभर काय करीत, त्यांना कुणी हसवले का, ते तिथे शोधू नये.

हसवणारे आपल्याकडे कमी नव्हते. बहुरूपी होता, तमाशातला सोंगाड्या होता. पण बहुरूप्याचे पोट सुगीवर. खळ्यावर धान्याची रास पडली की हा खोटा फौजदार होऊन दारात उभा राहायचा आणि पसाभर जोंधळा झोळीत घेऊन जायचा. खळेच ओस पडले की आधी त्याचीच झोळी रिकामी. म्हणजे हसण्याची गरज सर्वांत मोठी, तेव्हाच हसवणारा परागंदा! पुढे १८८० साली आपल्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी पहिली भारतीय सर्कस उभी केली, तिच्याबरोबर विदूषकही आला. पण तो तिकिटाच्या पलीकडे.

१९७२ च्या दुष्काळात माझी अम्मी खडी फोडायला जात असे. मिलो आणि सुकडीच्या गोष्टी ती पुष्कळ सांगे, पण मला आठवतो तो तिने सांगितलेला बहुरूपी. त्या वर्षी तोही खडीवर होता. अंगावर सोंग नाही, तोंडाला रंग नाही. तरी जेवणाच्या सुट्टीत तो मुकादमाची चाल करून दाखवी. पोरे लोळून हसत, बायका तोंडाला पदर लावत. एके दिवशी मुकादमाने पाहिले आणि त्याचा खाडा मांडला. दुसऱ्या दिवशी त्याने खाडा मांडणाऱ्या मुकादमाची नक्कल केली.

पोटासाठी नव्हे, केवळ पोरांसाठी विदूषक पाठवायचा, हे पुढे स्पेनमध्ये घडले. बार्सिलोनातल्या एका शाळेच्या मुलांचा क्रोएशियातल्या निर्वासित छावणीतल्या मुलांशी संबंध जुळला होता. तिकडच्या मुलांनी कळवले की आम्हाला हसायला मिळत नाही. शाळेतल्या पोरांनी पैसे जमवले आणि तोर्तेल पोल्त्रोना या विदूषकाला गाठले. फेब्रुवारी १९९३ मध्ये त्याने छावणीत खेळ केला. त्यातूनच ‘सीमा नसलेले विदूषक’ अशा अर्थाच्या नावाची संस्था उभी राहिली. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारी हादरली. आपल्याकडे धान्य, पत्रे, ब्लँकेटे यांचे ट्रक लागले. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने तिथली शेकडो मुले शिकायला पुण्याला आणली. हे मोठेच काम.

म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये चारा छावणी चालवली. सरकारी छावण्यांच्या हिशेबात मोठ्या जनावराचा दर वेगळा, लहान जनावराचा वेगळा. पोरांचा रकाना नसतो. कुणाची पोरे गावी आजीपाशी, कुणाची आईबरोबर पाचटाच्या खोपीत. २०१९ साली मी तिथे गेलो, तेव्हा एक सात-आठ वर्षांचा पोरगा रेडकाच्या गळ्यातली घंटा कमरेला बांधून चारा वाटणाऱ्याची ऐट करीत होता. भोवती दहा-बारा पोरे. एक म्हातारा मला म्हणाला, “ह्याला कुणी शिकवलं नाही, बरं का. रोज दुपारी करतंय.”