क्लचची थरथर
गिअरची मोटार पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये हलताना, क्लच अर्धवट सुटलेला असताना गाडीभर जाणवणारा दोष. क्लचप्लेट फ्लायव्हीलला एकसारखी न धरता धर-सोड करते. घोडबंदर रस्त्यावरील गायमुखचा चढ किंवा कल्याण-शीळ रस्त्यावरची कोंडी, येथे अर्ध्या क्लचवर गाडी सरकवत राहिल्यास प्लेट तापते आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग पडतात. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ थर येतो; सकाळची ही थरथर दोन-चारदा क्लच सोडल्यावर जाते, तिच्यासाठी गिअरबॉक्स उतरवू नये. तापल्यावर वाढणारी थरथर मात्र बहुधा क्लचप्लेटची किंवा प्रेशर प्लेटची. न्यूट्रलमध्येही हादरे बसत असल्यास इंजिन व माउंटिंगचे रबर आधी तपासावे. बेलहाउसिंगखाली (क्लचभोवतीच्या आवरणाखाली) इंजिन ऑइल ठिबकत असेल तर क्रँकचे मागचे सील गळत असण्याचा संभव असतो; ते तेल प्लेटवर पोहोचून थरथर होते, म्हणून सील न बदलता नवी प्लेट बसवणे व्यर्थ.