काचेवर नसलेला कागद

2006 साली ऑनसाइटला मिशिगनमध्ये होतो. क्लायंटच्या मॅनेजरने पिवळीधम्मक हमर एच-2 घेतली आणि आम्हा देशी पोरांना चक्कर मारायला नेलं. आत बसल्याबसल्या मी विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" (विचारलं इंग्रजीतच, पण प्रश्न अस्सल आपला!) तो हसून म्हणाला, "कोणास ठाऊक! घेताना कुठे लिहिलंच नव्हतं."

मला वाटलं थापा मारतोय. अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर मायलेजचा सरकारी कागद चिकटवलेला असतो. शनिवारी मुद्दाम शोरूममध्ये जाऊन बघितलं. बाकी सगळ्या गाड्यांवर होता, एच-2 वर खरंच नव्हता!

तेव्हापासून हा किडा डोक्यात होता. मग वाचत गेलो.

1973 मध्ये अरब देशांनी तेल तोडलं, अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. डिसेंबर 1975 मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी कायद्यावर सही केली : कंपनी विकते त्या सगळ्या कार्सची सरासरी 1985 पर्यंत गॅलनला 27.5 मैल, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला 11.7 किलोमीटर व्हायला हवी. ट्रक्सचं मात्र वेगळं खातं ठेवलं. ट्रक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर 'हॉर्न ओके प्लीज' येतं, पण तिथे हा शब्द पिकअपलाही चालतो. शेतकरी, सुतार, प्लंबर यांना पिकअप लागतो, त्यांना कशाला छळायचं? तेव्हा विकल्या जाणाऱ्या पाच गाड्यांत एखादीच असली असायची. सवलत रास्तच होती.

आता गंमत बघा. ट्रक म्हणजे काय, हे ठरवलं गाडीच्या बांधणीवरून. मागची सीट काढली की सपाट जागा होते का, फोर-व्हील ड्राइव्ह आहे का, जमिनीपासून उंच आहे का, वगैरे. आत लेदर सीट्स आणि लाकडी डॅशबोर्ड आहे का, हे कोणी विचारलंच नाही. आमच्या धंद्यात याला एज केस म्हणतात, आणि टेस्टरने ती पकडली नाही तर युजर हमखास पकडतो. 1997 मध्ये लिंकन नॅव्हिगेटर आली, 1998 मध्ये कॅडिलॅक एस्कलेड. दोन्ही कायद्याने ट्रक! ट्रक्सची मर्यादा 1996 ते 2004 गॅलनला 20.7 मैलांवर गोठलेली होती. काही वर्षं तर ती वाढवायला संसदेनेच बंदी घातली होती. शिवाय 22.5 मैलांपेक्षा कमी देणाऱ्या कारला 7,700 डॉलरपर्यंत वेगळा टॅक्स बसतो, तो एसयूव्हीला आजही नाही.

आणि एच-2? सामान-माणसांसकट 8,500 पौंडांच्या, म्हणजे साधारण 3,850 किलोंच्या वर गेलेली गाडी तेव्हा या नियमांतून पूर्ण बाहेर. कागदसुद्धा नाही. एच-2 भरायची 8,600! वर 2003 च्या टॅक्स बदलामुळे 6,000 पौंडांवरची गाडी धंद्यासाठी घेतली, तर 1 लाख डॉलरपर्यंतची किंमत पहिल्याच वर्षी वजा करता यायची. कुदळ-फावडी वाहणाऱ्यांसाठीची सोय डॉक्टर-वकिलांनी उचलली. 2004 मध्ये अशा गाड्यांसाठी ती 25 हजारांवर आणली.

मोठी गाडी आहे, पिणारच, असं आपण म्हणतो ना? फिजिक्स आहेच. पण 'हिच्याकडून अपेक्षाच ठेवायची नाही' हे फिजिक्सने नाही, कायद्याने शिकवलं. आणि हिशेब तर उलटा आहे. 30 मैल देणारी छोटी कार 40 देऊ लागली, तर शंभर मैलांमागे पाऊण गॅलनच्या आसपास वाचतं. गॅलनला 14 च्या घरात असलेली एस्कलेड हायब्रिड होऊन 20 च्या घरात आली, तर दोन गॅलन! 2008 मध्ये लॅरिक आणि सोल यांनी 'सायन्स'मध्ये हा चकवा दाखवला. 2013 च्या मॉडेल्सपासून काचेवरच्या कागदावर 'शंभर मैलांना किती गॅलन' हेही छापून येऊ लागलं. हायब्रिड एस्कलेड मात्र त्याच वर्षी गुंडाळली. अपेक्षाच नाही तर गिऱ्हाईक कुठून येणार?

2008 च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला 4 डॉलरच्या वर गेलं. मी तोवर पुण्याला परतलो होतो. मॅनेजरचा मेल आला : ग्लोव्ह बॉक्समध्ये वही ठेवलीय, दर टाकीला लिहितो, 10 च्या वर जात नाही. म्हणजे लिटरला सव्वाचार. टाकी 32 गॅलनची, तेव्हा प्रत्येक फेरीला सव्वाशे डॉलरच्या वर. विकायला काढलीय, पण कोणी फोनसुद्धा करत नाही. 2010 मध्ये हमर ब्रँडच बंद पडला.

2011 च्या मॉडेल्सपासून 8,500 पौंडांवरच्या एसयूव्हीसुद्धा नियमात आल्या, काचेवर कागद आला. जुलै 2025 मध्ये मात्र नव्या कायद्याने सरासरी न गाठणाऱ्या कंपनीचा दंड शून्य डॉलर केला. कागद अजून लावावा लागतो.