पाण्यावरची साय आणि पाण्याखालचा कागद

जालना जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासात बियाणे, लोखंडी सळई आणि मोसंबी या तीन नावांची नोंद आवर्जून होते. परंतु या तिन्हींपेक्षा नवी आणि गेल्या वीस वर्षांत जिल्ह्याच्या शिवारात जागोजागी दिसू लागलेली वस्तू म्हणजे शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा पडदा होय, ज्याला शेतकरी सरसकट ‘कागद’ म्हणतात. हा कागद बहुवारिकाचा, म्हणजे एकाच लहान रासायनिक घटकाच्या हजारो कड्या जोडून तयार झालेल्या लांब साखळ्यांच्या पदार्थाचा असतो. बहुवारिकांच्या पातळ थरांची चर्चा आज मुख्यतः नॅनोतंत्रज्ञानाच्या, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या मापात पदार्थ घडवणाऱ्या विद्येच्या संदर्भात होते. मात्र थर जितका पातळ तितका तो प्रगत, हा त्या चर्चेतला गृहीत क्रम जालन्याच्या पाण्याच्या इतिहासाला लावून पाहिला, तर तो बऱ्याच ठिकाणी उलटा पडतो.

या भूभागाची अडचण जुनी आहे. वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस चार महिन्यांत उरकतो, वरची काळी माती ओल धरते, पण तिच्याखालचा मुरूम पाणी पिऊन टाकतो आणि त्याखालच्या बेसाल्टच्या भेगा ते कुठे नेतील याचा भरवसा नसतो. कुंडलिका नदीकाठच्या जालना शहराने यावर तलावांचा उपाय शोधला होता. शहराच्या पश्चिमेचा मोठा तलाव आणि त्यापासून जमिनीखालून गावातल्या हौदांपर्यंत नेलेले नळ यांचे श्रेय परंपरेने जमशेदखान या ऐतिहासिक पुरुषाकडे जाते, तर घाणेवाडीचा तलाव निजामी राजवटीच्या अखेरच्या पर्वातला आहे. मातीच्या बांधातून पाणी झिरपू नये म्हणून बांधाच्या पोटात चिकण मातीचा गाभा भरण्याची रीत सर्वत्र होती आणि पाणी अडवणारा थर म्हणून हा गाभा चांगला काही हात जाडीचा असे. अशा रीतीने झिरपणे थोडेफार आवरता येई. पाण्याच्या उघड्या अंगावरून उन्हात उडून जाणारी वाफ आवरण्याचा मार्ग मात्र कोणापाशीच नव्हता. मराठवाड्यात उघड्या पाण्याची वर्षभरातील वाफ दीड ते अडीच मीटर उंचीच्या पाण्याइतकी असते, म्हणजे आकाशातून जेवढे येते त्याच्या दुपटी-तिपटीने आकाश परत मागते.

वाफेवरचा उपाय सुचला तो तेलाच्या तवंगातून. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यावर चमचाभर तेल ओतले असता ते सुमारे अर्ध्या एकरावर पसरून लाटा शांत झाल्याचे त्याने १७७४ मध्ये नोंदवले; १८९१ मध्ये आग्नेस पॉकेल्स या जर्मन स्त्रीने घरच्या स्वयंपाकघरात बनवलेल्या पत्र्याच्या तसराळ्यातून पाण्यावरच्या अशा थरांचे मोजमाप प्रसिद्ध केले; आणि १९१७ मध्ये अर्व्हिंग लँगम्युरने हे थर अवघ्या एका रेणूच्या जाडीचे असतात, रेणूंची एक बाजू पाण्याला चिकटते व दुसरी हवेकडे उभी राहते, हे दाखवून दिले. दुधावर साय धरावी तशी पाण्यावर धरणारी ही साय जेमतेम दोन नॅनोमीटर जाडीची असते. लँगम्युरची सहकारी कॅथरिन ब्लॉजेट हिने ती काचेवर एकावर एक उचलून घेण्याची पद्धत १९३० च्या दशकात बसवली. नॅनोतंत्रज्ञान हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी त्या विद्येचे हे एक मूळ रुजलेले होते, ही गोष्ट त्या विषयाच्या उत्साही इतिहासकारांकडूनही निसटते.

ऑस्ट्रेलियात मॅन्सफील्ड याने १९५० च्या दशकात सेटिल अल्कोहोल या मेणचट पदार्थाचा एकरेणवीय थर, म्हणजे एकाच रेणूच्या जाडीचा थर, जलाशयांवर पसरून बाष्पीभवन कमी करता येते असे सुचवले, तेव्हा या कल्पनेकडे सर्वाधिक आशेने पाहणाऱ्या देशांत भारत होता. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा जानेवारी १९५० मध्ये सुरू झालेली होती आणि तेथील ए. बी. बिस्वास यांच्या गटाने, ज्यात देव, कुलकर्णी व घारपुरे ही मराठी नावेही आढळतात, अल्कॉक्सी इथेनॉल या वर्गातील संयुगे पुढे आणली. सेटिल अल्कोहोलसारख्याच लांब कार्बन साखळीच्या टोकाला ऑक्सिजनने सांधलेला दोन कार्बनांचा आणखी एक तुकडा जोडला की थर पाण्यावर अधिक झपाट्याने पसरतो आणि अधिक घट्ट बसतो, असा या गटाच्या १९६० नंतरच्या शोधनिबंधांचा रोख होता. पुण्याच्या प्रयोगशाळेला पाण्याच्या या पृष्ठभागाने पुढेही सोडले नाही. १९९० नंतर मुरली शास्त्री यांच्या गटाने सोन्याचे नॅनोकण रांगेत बसवण्यासाठी हवा आणि पाणी यांच्या याच सीमारेषेचा उपयोग केला.

कागदावरचा हिशेब मोहात पाडणारा होता. दोन नॅनोमीटरचा थर एका हेक्टरभर पाण्यावर धरायला अवघे १७ ते २० ग्रॅम द्रव्य लागते, म्हणजे सोनाराच्या भाषेत दीड-पावणेदोन तोळे. प्रत्यक्षात वाऱ्याने घात केला. जोराचा वारा सुटला की ही साय जलाशयाच्या एका काठाला गोळा होते आणि उरलेले पाणी पुन्हा उघडे पडते. धूळ तिला भोके पाडते, पाण्यातील सूक्ष्मजीव तिच्यावर पोसले जातात, आणि म्हणून द्रव्य पुनःपुन्हा टाकत राहावे लागते. टंचाईच्या वर्षांत देशातील काही जलाशयांवर हा उपाय वापरला गेला, त्यातून काही अंशी बचतही झाली. पण ज्या मार्च ते मे या काळात वाफ सर्वाधिक असते त्याच काळात मराठवाड्यात दुपारचा वाराही सुटतो, ही साधी गोष्ट उत्तम रसायनशास्त्रालाही ओलांडता आली नाही.

दुसरा पडदा आला तो वरून नव्हे, खालून. पॉलिथिन हे बहुवारिक मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधील विनिंग्टन येथे आयसीआय कंपनीच्या फॉसेट व गिब्सन या दोघांच्या हाती जवळजवळ अपघाताने लागले, आणि १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिग्लरने कमी दाबाखाली त्याचा अधिक घट्ट प्रकार बनवण्याची वाट दाखवली. याच घट्ट, म्हणजे उच्च घनतेच्या पॉलिथिनचा ५०० मायक्रॉन जाडीचा पडदा महाराष्ट्रातील शेततळ्यांसाठी रूढ झाला. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अर्थात हा कागद अर्धा मिलिमीटर जाडीचा, पाण्यावरच्या सायीच्या अडीच लाख पट जाड. २००५-०६ पासूनच्या राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातील सामूहिक शेततळ्यांनी त्याला वाट करून दिली, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेने, जिचे ५० हजार रुपयांपर्यंतचे अनुदान खोदाईसाठी होते, खड्ड्यांची संख्या वाढवून कागदाची मागणीही आपोआप वाढवली.

कागद टाकण्याचे काम मोठ्या निगुतीने करावे लागते. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असे तळे उतरत्या बाजूंनी खोदले, तर त्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. खोदाईनंतर बाजूंमधले टोकदार दगड आणि मुळ्या वेचून काढतात, मऊ मातीचा लेप देऊन उतार चोपून घेतात, बांधाच्या माथ्यावर चौफेर चर खणतात, आणि मग गरम हवेने जोडलेला अखंड पडदा आठ-दहा माणसे धरून तळ्यात सोडतात. ऊन तापण्याआधी हे काम उरकलेले बरे, कारण तापलेला कागद फुगतो आणि रात्री आकसताना सांध्यावर ताण आणतो. शेवटी कडा चरात दाबून वर माती लोटली की पडदा जागेवर बसतो. चरातील कडा धरून एवढ्या तळ्याला अकराशे-बाराशे चौरस मीटर कागद, म्हणजे सुमारे साडेपाच क्विंटल प्लास्टिक लागते. त्याच तळ्याच्या पाण्यावर एकरेणवीय साय धरायची तर हिशेबाने दोन ग्रॅमसुद्धा द्रव्य लागणार नाही. तरीही जालन्याने स्वीकारला तो क्विंटलांतला पडदा, कारण तो एकदा टाकला की वारा, धूळ आणि रोजची देखरेख यांच्या भरवशावर राहत नाही. उंदीर आणि खेकडे त्याला भोके पाडतात खरे, आणि त्याच्या निसरड्या उतारावरून पाण्यात गेलेल्या माणसाला वर चढता येत नाही, म्हणून कुंपण आणि काठावर दोर बांधून ठेवणे अत्यावश्यक असते. या गोष्टीकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत अनेक घरांनी मोजली आहे.

या पडद्याची खरी परीक्षा २०१२ च्या दुष्काळात झाली. त्या वर्षी पाऊस फसल्याने जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, ज्यांना परवडले त्यांनी टँकरने पाणी विकत आणून झाडे जगवली, आणि ज्यांच्या तळ्यात कागद होता त्यांच्या बागा तुलनेने तगल्या. जालना तालुक्यातील कडवंची हे द्राक्षांचे गाव त्यामुळे सर्वांच्या नजरेत आले. मात्र कडवंचीची कहाणी कागदापासून सुरू होत नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली, विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने तेथे माथा ते पायथा बांधबंदिस्तीचे काम झाले, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे पाणी उताराने पळून जाण्याआधी जागोजागी अडवून जमिनीत मुरवले गेले. शेततळ्यांचा मोठा विस्तार त्यानंतरचा. हा क्रम विसरला की कागदाला नको तेवढे श्रेय मिळते.

पाणलोटाचे काम पाणी जमिनीला देते आणि कागद ते जमिनीपासून तोडतो, हा विरोध येथे दुर्लक्षून चालणार नाही. जिथे तळे पावसाच्या अपधावेने, म्हणजे जमिनीवरून वाहून जाणाऱ्या पाण्याने भरते तिथे तो साठा निव्वळ कमाई ठरतो. परंतु अनेक ठिकाणी विहिरीतून आणि बोअरमधून उपसलेले पाणी हिवाळ्यातच तळ्यात भरून ठेवले जाते, म्हणजे सर्वांच्या मालकीचे भूजल एकाच्या कुंपणात येते आणि वर उन्हाला उघडे पडते. मे महिन्यात दिवसाला आठ मिलिमीटर वाफ धरली, तर वर उल्लेखिलेल्या तळ्यावरून रोज सात हजार लिटर पाणी उडते. खालची गळती अर्ध्या मिलिमीटरने थांबवली, वरची तूट मात्र राहिलीच. जमिनीच्या पोटात असलेल्या पाण्याला निदान ऊन तरी लागत नव्हते. या टीकेत तथ्य आहे आणि तिचे उत्तर कागदाच्या प्रतीत नसून तळे कशाने भरावे याच्या नियमात आहे.

जालन्याच्या दुसऱ्या ओळखीत, बियाण्यात, बहुवारिकाचा थर तळ्याच्या कागदाच्या नेमका उलट वागतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको स्थापन केली आणि त्यातून या शहराला बियाण्यांची राजधानी म्हणण्याचा प्रघात पडला. त्याच कार्यासाठी बारवाले यांना १९९८ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. बियाणे उद्योगात पुढे रुळलेल्या बीजलेपनात दाण्यावर पाण्यात विरघळणाऱ्या किंवा पाणी आत सोडणाऱ्या बहुवारिकाचा रंगीत थर देतात, ज्यामुळे कीडनाशकाची भुकटी दाण्याला धरून राहते आणि पेरणाऱ्याच्या हातावर उडत नाही. तळ्याच्या कागदाने पाणी अडवायचे असते, बियाण्याच्या लेपाने ते वेळेवर आत येऊ द्यायचे असते. चुकून तो अडवू लागला तर उगवणच बुडेल. मिरची-टरबुजाच्या वाफ्यांवर अंथरला जाणारा पंचवीस-तीस मायक्रॉनचा मल्चिंग पेपर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो.

खऱ्या अर्थाने नॅनोमीटरच्या मापाचा बहुवारिक पडदा जालन्यात शिरला तो निराळ्याच दाराने, आणि त्याचा गाजावाजा झाला नाही. खारट-जड पाण्याच्या गावांमध्ये जागोजागी उभ्या राहिलेल्या ‘आरओ’ केंद्रांतील गोल नळकांड्यांत गुंडाळलेली पटले याच जातीची आहेत. क्षारयुक्त पाणी दाबाने पटलातून ढकलून गोडे करण्याची व्यवहार्य पद्धत सिडनी लोब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिद्ध केली, आणि १९७० च्या दशकात जॉन कॅडॉट याने त्यासाठी पॉलिअमाइड या बहुवारिकाचा थर वापरला. पाण्यात विरघळलेले एक द्रव्य आणि तेलासारख्या द्रावकातले दुसरे द्रव्य जिथे भेटतात, तिथे काही क्षणांत ही कातडी धरते. तिची जाडी शे-दोनशे नॅनोमीटर, आणि तिला तोलून धरायला खाली सच्छिद्र बहुवारिकाचा जाड थर व कापड. पाण्यावरच्या सायीला उघड्यावर जो वारा मारतो, तो येथे बंद नळीत पोहोचत नाही, आणि म्हणूनच हा पातळ पडदा टिकला. त्याची तूट वेगळी आहे: लहान केंद्रांत शुद्ध पाण्याच्या जोडीला तितकेच किंवा त्याहून अधिक क्षारयुक्त पाणी बाहेर सोडावे लागते आणि टंचाईच्या गावात ते बहुधा नालीत जाते.

२०१८ मध्ये मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल जालन्यात सुरू झाल्यामुळे १९३३ पासून चालत आलेली आणि बहुवारिके व रंग-लेप यांचेही शिक्षण देणारी परंपरा या जिल्ह्याच्या दाराशी आली आहे. तिच्यापुढचा प्रश्न शिवारात पडलेलाच आहे. तळ्याचा कागद काही वर्षे उन्हात राहिला की पाण्याच्या पातळीच्या वरचा, सतत उघडा पडणारा पट्टा आधी कडक होतो, मग बोटाने दाबताच तडकतो. पाण्याखालचा भाग मात्र बराच काळ लवचिक राहतो. काढलेला कागद कडब्याच्या गंजीवर किंवा कांद्याच्या चाळीवर दुसरा जन्म घेतो, तिथे तो पुन्हा उन्हाला लागतो, आणि त्याचे तुकडे होत होत मिलिमीटरचे मायक्रॉन व मायक्रॉनचे नॅनोमीटर होऊन ते त्याच काळ्या मातीत मिसळत राहतात, जिच्यातून पाणी निसटू नये म्हणून तो अंथरला होता.