बापाच्या जखमेचे पैसे आणि लेकराची पोटगी

ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटणाऱ्यांसाठी या भागाचं लिखित रूप नेहमीसारखं इथे देतोय. बोलताना जिथे फारच वाहवत गेलो, तेवढं कापलंय. बाकी तसंच ठेवलंय.

विषय सुचला एका मेसेजवरून. आमच्या आरमोरीकडच्याच एका श्रोत्यानं विचारलं होतं. आई-बाबा वेगळे राहतात, लेकरांच्या पोटगीचा कोर्टाचा हुकूम आधीच झालेला आहे. मग बाबाचा अपघात झाला, काम सुटलं, आता सरकारकडून अपंगत्वाचे महिन्याचे पैसे येतात. तर या पैशावर लेकरांचा हक्क आहे का? की ते फक्त बाबाचे?

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, बीटेक कॉम्प्युटर. वकील नाही, त्यामुळे हा कायदेशीर सल्ला समजू नका. पण उत्तर शोधायला बसलो तर आजचा कायदा वाचून भागेना. मागे मागे जात थेट सभासद बखरीपर्यंत पोचलो.

सभासदानं ही बखर सतराव्या शतकाच्या शेवटी, राजाराम महाराजांच्या काळात लिहिली. अफझलखानाच्या प्रसंगानंतर, म्हणजे १६५९ मध्ये, महाराजांनी आपल्या माणसांचं काय केलं हे त्यात येतं. जखमी झालेल्यांना जखम पाहून पैसे दिले: कुणाला २०० होन, कुणाला १००, कुणाला ५०, कुणाला २५. आणि जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत चालवलं, मुलगा नसेल तर बायकोला अर्धं वेतन लावून दिलं. पुढे पेशवाईच्या कागदांत अशा कुटुंबांना दिलेल्या मदतीसाठी ‘बालपरवेशी’ असा शब्दच सापडतो. (आपला चांदा त्या वेळी गोंड राजांच्या ताब्यात होता, तेव्हा हे आपल्या आजोबा-पणजोबांना मिळालं असेल असं समजू नका.)

यात एक बारीक गोष्ट आहे. जिवंत राहिलेल्याला पैसे मिळाले ते जखमेच्या मापानं. घरात किती तोंडं आहेत हे बघून नाही. घरच्यांचा हिशोब सुरू झाला तो माणूस गेल्यावर. मग जो जिवंत आहे, पण हात-पाय गमावून बसलाय, त्याच्या लेकरांचं काय? त्यांच्यासाठी वेगळा रकाना नव्हता. तेव्हा ते खटकलंही नसेल, कारण बाप आणि लेकरं एकाच घरात, एकाच चुलीवर जेवत होती. घर फुटलं की मात्र हा रकाना नसणं टोचायला लागतं.

आता दोनशे वर्षं पुढे येऊ. नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. त्याच वर्षी फौजदारी प्रक्रिया संहिता आली आणि तिच्या ३१६ व्या कलमात पोटगीची तरतूद होती. ऐपत असूनही बायकोला किंवा मुलाला न पोसणाऱ्या माणसाला दंडाधिकारी दरमहा रक्कम द्यायला लावू शकेल, जास्तीत जास्त ५० रुपये. मूल लग्नाचं असो की लग्नाबाहेरचं. त्या काळच्या मानानं हे धाडसाचं होतं. यामागे इंग्रजांची करुणा किती होती याबद्दल मला शंका आहे. टाकून दिलेली बायका-पोरं सरकारच्या गळ्यात पडू नयेत, हा साधा हिशोब जास्त असावा. हेच कलम पुढे ४८८ झालं, १९७३ च्या संहितेत १२५ झालं आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं. नंबर बदलले, पण ‘पुरेशी ऐपत’ हा मुख्य शब्द दीडशे वर्षांहून जास्त काळ टिकून आहे.

त्यानंतर दहाच वर्षांनी, १८७१ मध्ये, पेन्शन कायदा आला. तोही अजून चालू आहे! त्याचं ११ वं कलम म्हणतं की सरकारनं राजकीय कारणानं, मागच्या चाकरीबद्दल, सध्याच्या शारीरिक दुर्बलतेबद्दल किंवा दया म्हणून दिलेलं पेन्शन कोणत्याही धनकोच्या मागणीवरून कोर्टाला जप्त करता येणार नाही. ‘सध्याची दुर्बलता’ म्हणजे आजच्या भाषेत अपंगत्व.

बघा काय झालं. एक कायदा म्हणतो, बापाच्या खिशात हात घाला आणि लेकराचं पोट भरा. दुसरा म्हणतो, त्या खिशातल्या या विशिष्ट पैशाला हात लावू नका. कोडमध्ये असं झालं तर दोन फंक्शन एकाच व्हेरिएबलवर भांडतायत असं म्हणतो आम्ही, आणि कुणाचं आधी चालणार हे कुठेतरी लिहावं लागतं. इथे ते लिहिलंच गेलं नाही. कोर्टांवर सोडलं.

कोर्टांनी हा पेच सोडवला ‘धनको’ या शब्दावरून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे (गडचिरोली जिल्हाही याच खंडपीठाखाली येतो) निवृत्त नवऱ्याच्या पेन्शनमधून पोटगी वसूल करायचा प्रश्न आला. नवरा म्हणाला, ११ वं कलम मला वाचवतं. कोर्ट म्हणालं, नाही. बायको काही सावकार नाही, ती धनकोमध्ये मोडत नाही, त्यामुळे पोटगीसाठी पेन्शन जप्त होऊ शकतं. मला हा निकाल फार आवडला. किराणा दुकानदाराची उधारी आणि लेकराचा घास एका पारड्यात घालता येत नाही, हे त्यात साध्या तर्कानं आलंय. पण लक्षात ठेवा, तो निकाल नोकरीच्या निवृत्तिवेतनाचा होता. दीड-दोन हजारांच्या निराधार अनुदानाचा नव्हता.

दिवाणी कायद्यातही हाच कल दिसतो. साध्या कर्जाच्या वसुलीत पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीपासून सुरक्षित असतात. वसुली पोटगीची असेल तर फक्त एक तृतीयांश सुरक्षित. पारडं पूर्ण उलटं. दुसऱ्या बाजूला, कामगारांना इजेबद्दल मिळणारी भरपाई (आधी १९२३ चा कायदा होता) आणि ईएसआयचे लाभ (आधी १९४८ चा कायदा होता) जप्त करायला सरळ मनाई आहे, आणि तिथे धनको हा शब्द अडवायलाही नाही.

आता ‘पुरेशी ऐपत’. कोर्टं याचा अर्थ फक्त हातातला पैसा असा घेत नाहीत, कमवायची ताकदही धरतात. नवरा धडधाकट असेल तर ‘मला काम नाही’ हे ऐकून घेतलं जात नाही, मजुरी कर पण पोटगी दे असं सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलंय. या सगळ्या निकालांचा पाया ‘धडधाकट’ या शब्दावर उभा आहे. मग जो धडधाकट नाही त्याचं? कर्नाटक उच्च न्यायालयापुढे ७५ टक्के अपंगत्व आलेल्या, कुबड्यांवर चालणाऱ्या नवऱ्याचं प्रकरण आलं, तेव्हा न्यायालयानं म्हटलं की अशा माणसाला नोकरी शोध आणि पोटगी भर असं सांगता येणार नाही. माणूस म्हणून मला हे पटतं. पण त्याच वेळी दुसऱ्या घरात बसलेल्या लेकराकडे बघितलं तर त्याची भूक काही ७५ टक्क्यांनी कमी झालेली नसते.

आपल्या भागात हा प्रश्न कागदावरचा नाही. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाणारी माणसं, वाघ-अस्वलांचे हल्ले. वडसा वनविभागात ऑक्टोबर २०२२ मध्ये सीटी-१ नावाचा वाघ पकडला तेव्हा त्याच्या नावावर १३ माणसांचे बळी होते. जे वाचतात त्यांची बातमी होत नाही. शिवाय सिकलसेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मान्य केलेल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, आणि गडचिरोलीत तो आजार घराघरांत ओळखीचा आहे. सिकलसेलचा माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, आणि दुखणं उठलं की चार दिवस खाटेवरून उठू शकत नाही. असा बाप न्यायाधीशासमोर उभा राहिला तर त्याची ऐपत कशी मोजायची?

पुढचा टप्पा १९८०. महाराष्ट्र सरकारनं संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. आज आरमोरीत कुणी ‘निराधारचे पैसे आले का’ म्हणतं ते हेच. या योजनेच्या पात्रतेची यादी कधी नीट वाचलीय का? त्यात ४० टक्क्यांवरचा दिव्यांग आहे. आणि त्याच यादीत, थोडं खाली, घटस्फोट झालेली पण पोटगी न मिळणारी किंवा अगदी कमी पोटगी मिळणारी स्त्रीही आहे. म्हणजे बाप पोटगी देऊ शकत नाही म्हणून तोही लाभार्थी, आणि त्याची पोटगी येत नाही म्हणून ती पण लाभार्थी. दोघं एकाच तहसीलच्या एकाच यादीत असू शकतात. भांडण कोर्टात आणि पैसे दोघांनाही एकाच खिडकीतून! मी हे वाचलं तेव्हा आधी हसू आलं, मग नाही आलं. कारण सरकारनं इथे नकळत कबूल केलंय की काही घरांत बापाकडून वसूल करण्यासारखं काही उरलेलंच नसतं, आणि मग लेकराच्या बाजूनं कुणीतरी वेगळं उभं राहावं लागतं.

बाहेर काय करतात ते थोडक्यात. अमेरिकेत १९५६ मध्ये अपंग कामगारांना विम्यातून पैसे मिळायला लागले आणि दोनच वर्षांत, १९५८ मध्ये, त्यांच्या मुलांसाठीही वेगळी रक्कम सुरू झाली. बापाच्या रकमेच्या निम्म्यापर्यंत, पूर्ण कुटुंबासाठी एका मर्यादेत. ती बापाच्या हातात न जाता मूल ज्याच्याकडे राहतं त्याच्याकडे जाऊ शकते, आणि बहुतेक राज्यांत कोर्ट ती पोटगीतून वजा धरतं. ज्या रकाण्याबद्दल मी वर बोलत होतो तो हाच. आणि अगदी गरीब अपंगांना मिळणारी जी वेगळी मदत आहे, तिला पोटगीसाठीही हात लावत नाहीत. पण तिथेही सगळं गोड नाही. १९८७ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं व्हिएतनाममध्ये पूर्ण अपंग झालेल्या एका माजी सैनिकाला सांगितलं की तुझं उत्पन्न केवळ अपंगत्वाचंच असलं तरी त्यातून पोटगी द्यावीच लागेल, कारण ते पैसे तुझ्या एकट्यासाठी नसून तुझ्या कुटुंबासाठीही आहेत. ब्रिटननं वेगळाच मार्ग धरला: सरकारी मदतीवर जगणाऱ्याला आठवड्याला ठराविक ७ पौंड. थोडे, पण शून्य नाही.

मेसेज पाठवणाऱ्या श्रोत्यासाठी आता सरळ बोलतो. बापाला अपंगत्व आलं म्हणून जुना हुकूम आपोआप कमी होत नाही. परिस्थिती बदलली असा अर्ज त्याच कोर्टात करावा लागतो. पूर्वी हे १२७ वं कलम होतं, आता १४६ वं. अर्ज केला नाही तर महिन्यामागून महिना थकबाकी चढत राहते. पोटगी न दिल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, ‘पुरेसं कारण’ नसेल तर, आणि कैद भोगली तरी थकबाकी माफ होत नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र इथे कामी येतं, पण ते कोर्टापुढे ठेवलं तरच. घरात ट्रंकेत ठेवलेलं प्रमाणपत्र कुणी वाचायला येणार नाही. उलट बाजूनं आईला हे माहीत हवं की थकलेली पोटगी वसूल करायचा अर्ज देय तारखेपासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. आणि २०२० पासून दोन्ही पक्षांना उत्पन्नाचं, मालमत्तेचं सविस्तर शपथपत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाचा तो नियम नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणातच झाला. सरकारी अनुदान असो की वाघाच्या हल्ल्याची भरपाई, ते तिथे लिहायचं. आणखी एक, हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे (१९५६) मुलांना पोसायची जबाबदारी आईवरही आहे. अपंग झालेली आई आणि कमावता बाप असंही असतं, आपण तिची गोष्ट फार कमी बोलतो.

आता आकड्यांची एक गंमत, म्हणजे गंमत तरी कसली. पोटगीवरची कमाल मर्यादा १९५५ मध्ये ५०० रुपये झाली होती. महाराष्ट्रानं १९९९ मध्ये ती आपल्यापुरती १,५०० केली, आणि २००१ मध्ये केंद्रानं मर्यादाच काढून टाकली, कारण एवढ्यात कुणाचं भागत नाही हे सगळ्यांना दिसत होतं. १९९९ मध्ये जो आकडा लेकराच्या पोटगीची कमाल मर्यादा होता, तोच २०२३ मध्ये निराधार योजनेतल्या माणसाचं पूर्ण महिन्याचं अनुदान झाला: १,५०० रुपये. २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ते २,५०० केलं. यातून पोटगी काढायची म्हटली तर बापाच्या औषधांतून आणि तेला-मिठातूनच निघणार.

आणि लेकरांचा रकाना? तो याच योजनेत काही वर्षं होता! २०१९ मध्ये अनुदान १,००० रुपये केलं तेव्हा एक मूल असलेल्या विधवेला १,१०० आणि दोन मुलं असलेल्या विधवेला १,२०० ठरवले होते. मुलामागे शंभर रुपये, पण मुलं मोजली होती. दिव्यांग बापासाठी तशी मोजणी नव्हती. २०२३ मध्ये सगळ्यांना सरसकट १,५०० केले आणि विधवांच्या बाबतीतलीही ती मोजणी बंद झाली.